लाँग आयर्न, हायब्रिड की वेज? गोल्फच्या पिशवीतील चौदा जागांचा हिशेब

गोल्फ म्हटले, की मुंबईकरांना पूर्वी विलिंग्डन क्लब किंवा १९२७ पासूनचे चेंबूरचे बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब आठवत असे. आणि त्यासोबत सदस्यत्वाची बंद दारेही. सिडकोने खारघरच्या डोंगरांमधील खोऱ्यात उभारलेले मैदान २०१२ मध्ये खुले झाले आणि नवी मुंबईतील नोकरदार व व्यावसायिक मंडळीही या खेळाकडे वळली. चाळिशीत खेळ सुरू करणाऱ्या अशा गोल्फपटूची पहिली मोठी खरेदी असते ती क्लबांच्या संचाची. बहुधा हा संच दुकानदाराच्या भरवशावर घेतला जातो, नाहीतर परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवला जातो. पैसे भरपूर मोजूनही पिशवीत नको ते क्लब जास्त आणि हवे ते कमी, अशी अवस्था होते.

नियमानुसार एका फेरीत जास्तीत जास्त १४ क्लब बाळगता येतात. जास्त आढळल्यास स्ट्रोक प्लेमध्ये प्रत्येक होलमागे दोन आणि फेरीत कमाल चार फटक्यांचा दंड बसतो. ड्रायव्हर, पटर आणि एखाद-दुसरा फेअरवे वूड वजा जाता दहा-अकरा जागा उरतात. त्यातील एकही जागा न वापरल्या जाणाऱ्या क्लबने अडवणे परवडणारे नसते.

ही जागा सर्वाधिक अडवतात ती लाँग आयर्न. तीन क्रमांकाच्या आयर्नचा लॉफ्ट, म्हणजे क्लबच्या तोंडाचा कल, साधारण २० ते २१ अंश असतो आणि चारचा त्याहून तीन-चार अंश जास्त. इतक्या उभ्या तोंडाने चेंडू उंच उडवायचा, तर स्विंगचा वेग भरपूर हवा आणि चेंडू नेमका मधोमध लागायला हवा. हौशी खेळाडूच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी क्वचितच जुळतात. ली ट्रेव्हिनोला १९७५ मध्ये शिकागोजवळच्या स्पर्धेत विजेचा झटका बसला होता. विजा चमकू लागल्या तर एक क्रमांकाचे आयर्न वर धरावे, कारण ते देवालाही मारता येत नाही, असा विनोद पुढे त्याच्या नावावर प्रसिद्ध झाला. (खारघरच्या पावसाळ्यात हा प्रयोग अर्थातच करू नये, विजा दिसताच मैदान सोडावे.)

हायब्रिडचे डोके आयर्नपेक्षा रुंद आणि आतून पोकळ असते. त्याचा गुरुत्वमध्य खाली व मागे असल्याने कमी वेगातही चेंडू वर उठतो, आणि रुंद तळ ओल्या, दाट गवतात रुतण्याऐवजी सरकतो. पावसाने वाढलेल्या रफमध्ये हा फरक प्रकर्षाने जाणवतो. हायब्रिड म्हणजे दुबळ्यांची कुबडी, हा समज मात्र चुकीचा आहे. यांग योंग-उनने २००९ च्या पीजीए चॅम्पियनशिपमध्ये टायगर वूड्सला हरवताना अखेरच्या होलवरील निर्णायक फटका हायब्रिडनेच मारला. टोकियो ऑलिम्पिकमध्ये अवघ्या एका फटक्याने पदकाच्या लढतीबाहेर राहिलेली अदिती अशोक लांब ड्राइव्हसाठी ओळखली जात नाही. इतर खेळाडू आयर्न काढतात तेथे तिच्या हाती अनेकदा हायब्रिड किंवा वूड असते.

निवडीची कसोटी सोपी आहे. ड्रायव्हिंग रेंजवर चार क्रमांकाचे आयर्न आणि तितक्याच लॉफ्टचे हायब्रिड यांनी दहा-दहा चेंडू मारावेत आणि उत्तम फटक्यांऐवजी सर्वांत वाईट तीन फटके कोठे पडले ते पाहावे. क्रमांकावर विसंबू नये, लॉफ्ट वाचावा. ज्यांचा स्विंग वेगवान आहे किंवा हायब्रिडचा चेंडू ज्यांच्या हातून वारंवार डावीकडे वळतो, त्यांनी आयर्न जरूर ठेवावे. वाऱ्यात खालून जाणारा चेंडू त्यांना उपयोगी पडतो. उजव्या हाताने खेळणाऱ्याने हायब्रिडसाठी चेंडू डाव्या टाचेच्या थोडा आत ठेवावा आणि तो खालून उचलण्याचा मोह टाळून आयर्नप्रमाणे किंचित खाली येणारा फटका मारावा.

अशा रीतीने वाचलेली जागा वेजला द्यावी. अंतर वाढल्याचे भासावे म्हणून उत्पादकांनी आयर्नचे लॉफ्ट कमी केले. पिचिंग वेज पूर्वी ४८ अंशांच्या आसपास असे. अनेक नव्या संचांत ते ४३ ते ४५ अंशांचे असते. सँड वेज मात्र ५६ च्या आसपासच राहिले. मधल्या अकरा-बारा अंशांच्या खिंडारात ऐंशी-नव्वद यार्डांवरचा साधा फटका हरवतो. पन्नास अंशांचे गॅप वेज ते खिंडार बुजवते. साठ अंशांचे लॉब वेज नवख्याने घाईने घेऊ नये.

लॉफ्टइतकाच महत्त्वाचा, पण दुकानात फारसा न विचारला जाणारा तपशील म्हणजे बाउन्स. तळाचा मागचा भाग पुढच्या कडेपेक्षा जितका खाली, तितका बाउन्स अधिक. जीन सॅराझेनने क्लबच्या तळाला धातूची भर घालून हाच गुण वाढवला आणि १९३२ ची ब्रिटिश ओपन जिंकली. भुसभुशीत वाळूत व पावसाळी चिखलात बारा अंशांच्या आसपासचा बाउन्स क्लबला रुतू देत नाही. एप्रिल-मेच्या टणक जमिनीवर मात्र तोच क्लब उसळून चेंडूच्या मध्यावर आदळतो. म्हणून सँड वेज जास्त बाउन्सचे आणि गॅप वेज सात-आठ अंशांचे, ही जोडी येथील दोन्ही ऋतूंना चालते.

वेजचा फटका ताकदीने मारू नये. पाय जवळ, वजन पुढच्या पायावर, आणि हात कंबरेपर्यंत, छातीपर्यंत व खांद्यापर्यंत नेल्यास चेंडू किती यार्ड जातो, हे प्रत्येक वेजसाठी मोजून लिहून ठेवावे. बंकरमध्ये मात्र क्लबचे तोंड उघडून चेंडूच्या सुमारे पाच सेंटिमीटर मागे वाळूत फटका मारावा आणि स्विंग पूर्ण करावा. बहुतेक जण वाळू लागताच थांबतात आणि चेंडू तेथेच राहतो. पावसाळ्यात पिशवीला कोरडा टॉवेल आणि छोटा ब्रश अडकवलेला असावा, कारण तोंडावरील खाचा चिखलाने भरल्या की चेंडूला फिरक मिळत नाही आणि तो ग्रीनवर थांबत नाही.