रोमन बादशहांचीं रौप्य नाणीं

ब्रिटनपासून सिरियापर्यंत पसरलेल्या साम्राज्यांत बादशहाचें मुखदर्शन सामान्य प्रजाजनाला घडावें कोठून? तें काम 'डिनेरियस' या चांदीच्या नाण्यानें केलें. (संस्कृतांतला 'दीनार' शब्द याच नांवावरून आलेला आहे.) एका बाजूस बादशहाचें मस्तक, दुसऱ्या बाजूस एखादी देवता किंवा चिन्ह. पुढें ऑगस्टस म्हणून गाजलेल्या ऑक्टेव्हियननें इजिप्त घेतल्यावर इ. स. पूर्वीं २८ मध्यें नाण्यावर मगर आली, आणि तिच्याबरोबर 'इजिप्त जिंकला' हीं अक्षरें. अक्षरें न येणाराही मगर पाहून समजला असेल!

परदेशीं या चित्रांपेक्षां कसाला मान होता. सिंहलद्वीपाच्या राजानें रोमन नाणीं पाहिलीं, तेव्हां मुखवटे निरनिराळे असूनही वजन एकच, याचें त्याला कौतुक वाटलें, असें प्लिनी लिहितो. तो विश्वास नीरोनें इ. स. ६४ च्या सुमारास डळमळविला. पूर्वीं एका रोमन पौंडांत सुमारें ८४ नाणीं पाडीत. त्यानें ९६ पाडलीं, शिवाय तांबेंही अधिक मिसळलें.

पुढें चांदी जसजशी हिणकस होत गेली, तसतशीं अक्षरें मोठमोठ्या गोष्टी बोलूं लागलीं. इ. स. १९३ मध्यें शरीररक्षक सैन्यानें पर्टिनॅक्स बादशहाला ठार मारून राज्यपदाचा चक्क लिलाव मांडला. डिडियस जुलियानसनें तें विकत घेतलें. त्याच्या नाण्यावर काय असावें? ध्वज धरलेली देवता आणि 'सैन्याची एकदिली' हे शब्द! सैन्यानें त्याच्याकडे पाठ फिरविली, आणि ६६ दिवसांत तो मारला गेला.

इ. स. २३८ मध्यें सेनेटनें बाल्बिनस व पुपिएनस यांना एकदमच गादीवर बसविलें. दोघांचें आपसांत पटेना. नाण्यावर मात्र हातांत हात, आणि 'परस्पर प्रेम', 'परस्पर विश्वास' अशीं वचनें. अवघ्या तीन महिन्यांत शरीररक्षकांनीं दोघांनाही ठार केलें. हें नाणेंही साधें डिनेरियस नव्हे. कॅराकल्लानें इ. स. २१५ मध्यें काढलेलें आणि मध्यंतरीं बंद पडलेलें मोठें नाणें या दोघांनीं पुन्हां सुरू केलें होतें. त्याची किंमत दोन डिनेरियसांची, असें विद्वान मानतात. चांदी मात्र दीडाचीच. दुप्पट किमतीची खूण म्हणून बादशहाच्या मस्तकावर सूर्यकिरणांचा मुकुट असे.

इ. स. २७० च्या सुमारास या किरणमुकुटाखालीं चांदी शेंकडा पांचांहूनही कमी उरली. वरचा मुलामा हाताळतां हाताळतां झिजे आणि आंतलें तांबें दिसूं लागे. लोकांनीं जुनीं चांगलीं नाणीं केव्हांच जमिनींत पुरून ठेविलीं होतीं. बल्गेरियांत रेका देव्न्या येथें १९२९ सालीं असा एक ठेवा सांपडला. त्यांत ऐंशी हजारांहून अधिक नाणीं होतीं.