ऑफिसच्या वेळेतला स्कोअर

कामाच्या वेळेत कर्मचाऱ्यांना सामना पाहू द्यावा का, हा प्रश्न विश्वचषक आला की हमखास निघतो आणि मोबाइलने आणलेली नवी बेशिस्त म्हणून त्याची चर्चा होते. मुंबईत तरी हा प्रश्न टीव्हीच्याही आधीचा आहे. कसोटी सामना मुळातच ऑफिसच्या वेळेत चालणारा खेळ. सकाळी सुरू होतो, संध्याकाळी संपतो आणि त्याचे बहुतेक दिवस कामाचे असतात. भारतातली पहिली कसोटी डिसेंबर 1933 मध्ये बॉम्बे जिमखान्यावर झाली. ते मैदान फोर्टातल्या पेढ्या, बँका आणि सरकारी कचेऱ्यांपासून चालत जाण्याइतके जवळ. 1937 मध्ये ब्रेबर्न स्टेडियम उभे राहिले, तेही चर्चगेट स्टेशनाशेजारी. शहराचे मोठे क्रिकेट आणि शहराची कारकुनी एकाच परिसरात, एकाच वेळी चालत होती. कारकुनाचे लक्ष खिडकीबाहेर जाणार, हे त्या रचनेतच होते.

रेडिओने मैदान आणखी जवळ आणले. ए. एफ. एस. तल्यारखान तीसच्या दशकात चौरंगी सामन्यांचे वर्णन एकट्याने दिवसभर करत. पण तेव्हाचा रेडिओ जड, विजेवर चालणारा आणि परवान्याचा. तो घरात असे किंवा इराण्याच्या हॉटेलात. ऑफिसात शिरला तो ट्रान्झिस्टर. साठच्या दशकात तो हातोहाती झाला आणि टेबलाच्या खणात मावू लागला. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून मराठीत समालोचन सुरू केल्यावर इंग्रजी कॉमेंट्री न कळणारा शिपाईही त्या ऐकण्यात बरोबरीने सामील झाला. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. साहेब आणि शिपाई एकाच षटकाकडे कान लावून आहेत, असा प्रसंग त्या कचेऱ्यांत दुसऱ्या कोणत्या निमित्ताने येत होता?

इथेच माझा मुख्य मुद्दा येतो. मुंबईच्या ऑफिसांनी क्रिकेट नुसते सहन केले नाही, त्यांनी ते पोसले. ऑफिसा-ऑफिसांतली टाइम्स शील्ड स्पर्धा तीसच्या दशकाच्या सुरुवातीपासूनची. तिच्यासाठी बँका, रेल्वे, सिमेंट आणि कापड कंपन्या चांगले खेळाडू हेरून नोकरीला ठेवत. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निर्लॉनमध्ये. 1971 मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडला त्यांच्याच मैदानांवर हरवणारा भारतीय कर्णधार हा बँकेचा पगारदार होता. त्याच्यासारख्यांना खेळासाठी ऑफिस सोडायची मुभा होती, सरकारी नोकरांना त्यासाठी विशेष नैमित्तिक रजा होती. आपल्या माणसाच्या खेळाने ज्या संस्थेचे नाव पेपरात येई, तिने त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला स्कोअर ऐकला म्हणून कामचोर ठरवणे न्यायाचे नव्हते. संस्थेच्या लेखी खेळणे हे काम असेल, तर त्या खेळाविषयीची आस्था हा गुन्हा होऊ शकत नाही.

यावरचा सर्वात वजनदार आक्षेप काउंटरपलीकडच्या माणसाचा आहे. पेन्शन घ्यायला आलेली म्हातारी, ड्राफ्टसाठी रांगेत उभा असलेला दुकानदार यांचा वेळ कर्मचाऱ्याच्या मालकीचा नसतो. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. खिडकी, दवाखाना, सिग्नल केबिन, चालते यंत्र इथे स्क्रीन नकोच. पण फाइल, हिशेब, मसुदा अशी असंख्य कामे तासाभराने पुढे सरकू शकतात आणि त्याच दिवशी पुरी होऊ शकतात. दुसरा आक्षेप शिस्तीचा. एकदा सूट दिली की ती कुठे थांबणार, असे म्हणतात. मला उलटे दिसते. बंदी असली की ट्रान्झिस्टर खणात जातो, मोबाइल टेबलाखाली जातो आणि किती वेळ गेला हे कुणालाच कळत नाही. कॅन्टीनमधल्या टीव्हीपुढे बसलेला माणूस निदान दिसतो तरी.

तिसरी अडचण मात्र फारशी कुणी मांडत नाही आणि मला तीच अधिक टोचते. ही सवलत कायम टेबलावर बसणाऱ्यांचीच राहिली. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यानंतर, 1890 मध्ये गिरणी कामगाराला रविवारची सुट्टी मिळाली. त्याआधी आठवड्याचा एक दिवसही त्याचा नव्हता. पुढेही साच्यावर उभ्या असलेल्या माणसाला त्या खडखडाटात ट्रान्झिस्टरचा उपयोग नव्हता. आजचा सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार त्याच जागी आहे. वर कॉन्फरन्स रूममध्ये सामना लागलेला असतो आणि तो खाली फाटकावर उभा असतो.

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबईत दूरदर्शन आले, पुढे प्रकाशझोतातले सामने आले. प्रेक्षक घरी असतो तेव्हाच जाहिरात विकली जाते, हे ओळखून आयपीएल 2008 पासून संध्याकाळकडे झुकली. त्यामुळे ऑफिस आणि क्रिकेट यांची टक्कर बरीच कमी झाली, संपली मात्र नाही. 30 मार्च 2011 ला, बुधवारी, भर दुपारी मोहालीत भारत-पाकिस्तान उपांत्य सामना सुरू झाला, तेव्हा पंतप्रधान मनमोहन सिंग आणि युसुफ रझा गिलानी दोघेही स्टेडियममध्ये होते. तो राजनयाचा भाग होता, हे खरे. तरी दोन देशांचे पंतप्रधान कामाच्या दिवशी ज्या सामन्याला हजर होते, तो त्याच दिवशी कारकुनाने पाहू नये, असे सांगणे कुठल्याही व्यवस्थापकाला जड गेले असते.

व्यवस्थापकांनी नियम लेखी करावा. वर्षातले मोजके सामने आधी ठरवावेत, त्यांत कबड्डी आणि हॉकीही असावी. टीव्ही कॅन्टीनमध्ये लावावा, गेलेला वेळ त्याच आठवड्यात भरून घ्यावा, काउंटर चालू ठेवावेत आणि तिथल्यांना पाळी लावून सोडावे. त्या पाळीच्या यादीत पहिले नाव फाटकावरच्या रक्षकाचे घालावे.