लांकडाच्या लगद्यापासून उसाच्या साखरेपर्यंत

अंबरनाथचें शिवालय शके ९८२ मध्यें, म्हणजे इ. स. १०६० च्या सुमारास, उभें राहिलें. त्याच्या शेजारून वालधुनी वाहते. पावसाळा ओसरला म्हणजे तिच्या कांठच्या झुडपांना प्लास्टिकच्या पिशव्या लोंबतांना दिसतात. शतकानुशतकें टिकावा म्हणून दगड घडविला, तो टिकला. पण घटकाभर कामीं यावी म्हणून केलेली पिशवीही टिकून राहावी, हा प्रकार विपरीत खरा. त्यावर उपाय म्हणून खनिज तेलाऐवजीं ऊस, मका इत्यादि वनस्पतींपासून प्लास्टिक करावें, असें आज जाणते लोक सांगतात. ही कल्पना अगदीं नवी आहे असा मात्र पुष्कळांचा समज आहे. तो इतिहासाला धरून नाहीं.

वास्तविक पहिलीं कृत्रिम द्रव्यें वनस्पतींपासूनच झालीं. अलेक्झांडर पार्क्स यानें १८६२ सालच्या लंडनच्या प्रदर्शनांत मांडलेलें द्रव्य सेल्युलोजपासून, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंतील मूळ घटकापासून, केलेलें होतें. पुढें अमेरिकेंत हायट यानें त्यांत कापूर मिसळून सेल्युलॉइड केलें व हस्तिदंताला पर्याय दिला. १८९२ सालीं क्रॉस, बेव्हन व बीडल या इंग्रज रसायनज्ञांनीं व्हिस्कोजची कृति शोधिली. तिच्यापासूनच रेयॉनचा धागा व सेलोफेनचा कागद निघाला. १९३३ सालीं इंग्लंडांत पॉलिथीनचा शोध लागला, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर खनिज तेलाच्या स्वस्ताईपुढें वनस्पतिजन्य द्रव्यें मागें पडलीं.

या इतिहासाचें एक पान आमच्या शेजारींच आहे. महायुद्धकालीन कल्याण छावणींत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांची वस्ती झाली व १९४९ सालीं तिला उल्हासनगर हें नांव मिळालें. त्या नगरालगत शहाड येथें १९५० नंतरच्या दशकांत सेंच्युरी रेयॉनचा कारखाना निघाला. व्हिस्कोजच्या कृतींत लांकडाचा लगदा कॉस्टिक सोड्यांत भिजवितात, कार्बन डायसल्फाइडच्या योगानें विरघळण्याजोगा करितात, आणि तो दाट रस बारीक छिद्रांतून गंधकाम्लांत सोडितात. तेव्हां धागा बनतो. हा धागा मुळांत वनस्पतीचा, आणि मातींत कुजणाराही. मग ही कृति निर्दोष म्हणावी काय? कार्बन डायसल्फाइड हें चटकन पेट घेणारें व मज्जातंतूंस घातक द्रव्य आहे. त्यापायीं यूरोप-अमेरिकेंतील रेयॉन-कामगारांना जडलेल्या विकारांची नोंद विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच झालेली आहे. तात्पर्य, वस्तूचें कूळ चांगलें असलें म्हणजे तिची करणीही चांगलीच असते, असें नाहीं.

आतां चक्र पुन्हां वनस्पतींकडे वळलें आहे. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं अनेक प्रकारच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. २०२४ सालीं जेजुरी येथें प्राज इंडस्ट्रीजचा जैव प्लास्टिकचा प्रायोगिक कारखाना सुरू झाला. साखर आंबवून दुग्धाम्ल करावयाचें व त्याच्या रेणूंची सांखळी गुंफावयाची, अशी पॉलिलॅक्टिक आम्लाची कृति आहे. या प्रयत्नांचें आम्ही मनापासून स्वागत करितों. परंतु हें प्लास्टिक लवकर कुजण्यास खतकारखान्यांतील ६० अंशांच्या आसपासची ऊब व ओल लागते. वालधुनींत फेकल्यास तेंही वर्षानुवर्षें तसेंच लोंबत राहील.

आमच्या लहानपणीं बदलापूराकडील लग्नाच्या पंगती पळसाच्या पत्रावळींवर होत. पंगत उठली कीं पत्रावळी परसांतल्या उकिरड्यावर जात, आणि खत होऊन शेतांत पडत. पत्रावळीची थोरवी आपण गातों. उकिरड्याची आठवण मात्र कोणासच होत नाहीं. नवें द्रव्य कोणाच्या रानांतून व कोणाच्या पाण्यावर आलें, तें करतांना कोणाच्या आरोग्याची किंमत पडली, आणि वापरून झाल्यावर तें कोठें जाणार, हे तिन्ही प्रश्न एकत्रच विचारले पाहिजेत. उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या तिन्ही नगरांनीं कुजणारा कचरा घरोघर वेगळा घेऊन त्याचें खत करण्याची सोय आधीं पुरी करावी. ती नसेल, तर उसाची पिशवी कोणती व तेलाची कोणती, हा भेद वालधुनीला कळावयाचा नाहीं.