मनःस्वास्थ्य आणि कामगाराचा एक तास

मनाच्या व्याधीवर अध्यात्माचा उतारा सांगणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. त्याचा गुण येतो की नाही, आणि येत असल्यास नेमका कशाने येतो, हे ताडून पाहणारे मात्र थोडे. अशाच एका प्रयत्नाची हकीगत आम्हांस येथे सांगावयाची आहे. तो मुंबईत परळला झाला. कोल्हापूर, सातारा, रत्नागिरीकडची माणसे पोटासाठी ज्या गिरणगावात गेली, त्याच गिरणगावात तो झाला. म्हणून आपणांस तो परका नाही.

त्याची पूर्वपीठिका लोणावळ्यास आहे. १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी तेथे कैवल्यधाम स्थापन केले आणि ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक काढले. योग थोर आहे एवढे म्हणून भागत नाही, तो तपासला पाहिजे, हा स्वामींचा बाणा. योगक्रिया चालू असताना शरीराच्या आत काय घडते, हे त्यांनी क्ष-किरणांनी पाहिले, पोटातील दाब यंत्राने मोजला. पुढे १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी योगोपचारावर ग्रंथ लिहिला. शरीराची तपासणी अशी सुरू झाली. मनाची व्हावयाची होती.

ती परळच्या केईएम रुग्णालयात सुरू झाली. हे महापालिकेचे रुग्णालय १९२६ पासून गोरगरिबांचे आश्रयस्थान आहे. तेथील मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया यांनी विनेकर आणि डूंगाजी या डॉक्टरांसह १९६६ साली ब्रिटनमधील मानसोपचाराच्या एका नियतकालिकात लेख लिहिला. मनोविकारांच्या उपचारात प्राचीन भारतीय कल्पनांचा उपयोग कसा होईल, हा त्याचा विषय. स्वामी कुवलयानंदांचे निधनही त्याच वर्षी झाले.

वाहियांनी पतंजलीच्या अष्टांगांतून पाच पायऱ्या घेतल्या: आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा आणि ध्यान. पहिल्या दोन शरीराच्या व श्वासाच्या. तिसरीत बाहेर धावणारे लक्ष मागे वळवावयाचे, चौथीत ते एका ठिकाणी धरावयाचे, पाचवीत तेथे स्थिर व्हावयाचे. फळाच्या चिंतेने पोखरलेल्या माणसाचे लक्ष स्वतःच्या विकासाकडे वळावे, हा हेतू. रोग्याने रोज तासभर, आणि असे कित्येक आठवडे, हा अभ्यास करावयाचा.

आता या हकीगतीतील मर्माचा भाग. रोगी बरा झाला तर तो ध्यानाने, की डॉक्टरच्या मायेने, की नुसत्या व्यायामाने? वाहिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्यांचे दोन गट केले. एका गटाला पाचही पायऱ्या दिल्या. दुसऱ्याला आसन-प्राणायामासारखे दिसणारे व्यायाम दिले, विश्रांती दिली आणि मनात येईल ते लिहून काढावयास सांगितले. १९७३ साली अमेरिकेतील एका नियतकालिकात त्यांनी निष्कर्ष मांडला: पूर्ण अभ्यास करणाऱ्यांना अधिक गुण आला. म्हणजे दिखाऊ कवायतीने जे साधले नाही, ते लक्ष आत वळवण्याने साधले.

याचा अर्थ वाढवून सांगू नये. हा उपचार चिंतेने ग्रासलेल्यांसाठी आणि मनाच्या ताणातून शरीराला व्याधी जडलेल्यांसाठी होता. ज्याची वास्तवाशीच फारकत झाली आहे, त्याला औषध व डॉक्टर हवेतच. पण ‘श्रद्धा ठेवा’ असे न म्हणता ‘तुलना करून पाहू’ असे म्हणणारी ही रीत आम्हांस मोलाची वाटते.

आमच्या चळवळीत या विषयावर दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणते, पगार वाढला की मन आपोआप बरे होईल. दुसरे, जे बहुधा मालकांच्या खुर्चीतून येते, म्हणते की मन शांत ठेवा, पगाराचे मागाहून पाहू. परळचा इतिहास दोहोंना उत्तर देतो. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे हजारो घरांची चूल थंडावली. त्या घरांतील झोप उडाली ती ध्यान चुकले म्हणून नव्हे. आणि पगार हाती असूनही रात्रपाळीनंतर डोळा न लागणारी माणसे शिरोलीच्या फौंड्रीत आणि इचलकरंजीच्या मागावर आम्ही रोज पाहतो.

वाहियांच्या उपचारात महाग औषध नाही, यंत्र नाही. लागतो तो तास, रोजचा आणि स्वतःचा. बारा तास माग चालवून दुसरे काम धरणाऱ्याने तो कोठून आणावा? नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. पुढे १९४८ च्या कारखाने कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. या लढ्यांना आपण पोटाचे लढे म्हणतो. माणसाला स्वतःकडे पाहण्यास उसंत मिळावी, यासाठीही ते होते असे आमचे मत आहे.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी व्यवस्थेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकास दिला आहे. तो कागदावर राहू नये. पाळी सुटण्याच्या वेळी उघडे असणारे उपचार केंद्र, आणि तेथे जाण्यासाठी पगार न कापता मिळणारा तास, एवढी मागणी कोल्हापूरच्या कामगारांनी व नागरिकांनी मिळून करावी, अशी आमची विनंती आहे.