निसर्ग चक्रीवादळ आणि जंजिऱ्याचा किनारा

नगर जिल्ह्यास समुद्र नाही. मग चक्रीवादळाचा इतिहास आपण का वाचावा, असा प्रश्न आपणांस पडेल. परंतु नगरच्या निजामशाहीचा समुद्राकडील दरवाजा म्हणजे चौल बंदर. अरबी घोडे तेथे उतरत, आणि त्या बंदराकरिता मुर्तजा निजामशहाने १५७०-७१ साली पोर्तुगिजांविरुद्ध वेढा चालविला. मुरूड-जंजिऱ्याचा मुलूखही एकेकाळी याच सत्तेखाली होता. तो किनारा आपणांस परका नाही.

याच किनाऱ्यावर ३ जून २०२० रोजी दुपारी, अलिबागच्या दक्षिणेस, 'निसर्ग' चक्रीवादळ येऊन धडकले. तापलेल्या समुद्रावरील बाष्प हेच अशा वादळाचे इंधन. वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर होता. जमिनीवर येताच इंधन तुटले व त्याचा जोर ओसरत गेला. तरी घाट ओलांडून आल्यावर आपल्या अकोले-संगमनेरकडेही त्या वाऱ्यापावसाची झळ लागली. २००९ सालचे 'फयान' कोकणवासीयांच्या स्मरणात होते, पण मुरूड, श्रीवर्धन, दिवेआगरच्या लोकांनी या खेपेस जे पाहिले ते निराळेच होते.

घरांची कौले व शाळांचे पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. त्यातच कोरोनाची टाळेबंदी. निवाऱ्यात माणसे एकत्र आणावीत तर रोगाची भीती, न आणावीत तर वाऱ्याची! कोकणी मुसलमान कुटुंबांतील अनेक कर्ते पुरुष आखाती देशांत. विमाने बंद आणि टेलिफोनही मुके. आपली म्हातारी माणसे कोणत्या छपराखाली आहेत, हे त्यांना कळावे कसे? शाळा मोबाईलवर भरू लागल्या, त्या वेळी या गावांत तो चार्ज करावयास वीज नव्हती.

परंतु खरा घाव बसला तो वाड्यांवर. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. नारळ-पोफळीच्या या बागा आजोबांनी लावाव्यात आणि नातवांनी खाव्यात अशा. त्या एका दुपारीत भुईसपाट झाल्या. सरकारने प्रथम मदत ठरविली ती हेक्टरी. आता ज्याची वाडी पाच-दहा गुंठ्यांची, त्याच्या पदरात हेक्टरी हिशेबाने काय पडणार? ओरड झाल्यावर झाडामागे दर ठरला : नारळास २५० रुपये आणि सुपारीस ५० रुपये. ज्या झाडावर मुलांच्या फीचा खर्च भागे, त्याची ही किंमत बागायतदारांस कशी वाटली असेल, ते आपणच ताडावे.

त्याच पावसाळ्यात पुष्कळांनी पुन्हा रोपे लावली. पोफळीस फळ धरावयास सहा-आठ वर्षे लागतात. ती रोपे वर्षाचीही झाली नव्हती, तोच मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ याच किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेले.