एका वर्षाचे आयुष्य : वर्ध्याच्या परसबागेविषयी

सेवाग्रामच्या आश्रमात गेलेल्या पाहुण्याला दोन झाडे हमखास दाखवली जातात : गांधीजींनी लावलेला पिंपळ आणि कस्तुरबांची बकुळ. वृक्षाला वय असते, म्हणून इतिहासाला तो जवळचा वाटतो. परंतु त्याच परिसरात दरसाल पेरली गेलेली मेथी, पालक, भेंडी, दोडकी यांची कोणतीही खूण मागे राहत नाही. एका ऋतूत उगवून, फुलून, बी धरून वाळून जाणाऱ्या या वनस्पतींनी वर्ध्याच्या वैचारिक इतिहासात बजावलेली भूमिका मात्र लहान नाही, असे आम्हांस वाटते.

जमनालाल बजाज यांची वर्ध्यातील बाग अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाला मिळाली आणि तिची मगनवाडी झाली. फेब्रुवारी १९३५ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मध्ये हिरव्या पानांच्या पोषणमूल्याविषयी लिहिले. मोहरी, शेपू, मुळा, गाजर यांची पाने न शिजवता खाण्याचे प्रयोग ते स्वतःवर करीत होते. गरिबाच्या ताटाला जे विकत घेणे परवडत नाही, ते त्याच्या अंगणात उगवू शकते, हा या प्रयोगांमागचा विचार. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यातच शिक्षण परिषद भरली. तिच्यातून नेमल्या गेलेल्या झाकिर हुसेन समितीने सूत आणि सुतारकाम यांच्याबरोबर फळे व भाजीपाल्याची लागवड हाही शिक्षणाचा पाया होऊ शकेल असा उद्योग मानला. वर्षायू रोप शाळेला सोयीचे होते. पेरणारे मूल त्याच वर्षात त्याचे फळ आणि त्याचे बी, दोन्ही पाहू शकत असे.

पुढे धाम नदीकाठी पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. पैशाचा व्यवहार टाळायचा, बैलाविना, केवळ हातांनी शेती करायची, आपले अन्न आपण पिकवायचे. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा पायी निघाले आणि त्या वाटेवर एप्रिलात पोचमपल्लीला भूदान जन्मले. इतिहास त्यांच्या पावलांमागे गेला, हे स्वाभाविकच. परंतु भाजीचे वाफे कोणाच्याही मागे जात नाहीत. पुढच्या पावसाळ्याला त्यांना पुन्हा कोणीतरी लागते. १९५९ मध्ये तेथे ब्रह्मविद्या मंदिर उभे राहिले आणि पवनारची माती भगिनींच्या हाती आली.

खरे तर ती वैदर्भीय घरांत पूर्वीपासूनच स्त्रियांच्या हाती होती. घरामागच्या सांदवाडीत मृगाच्या पावसानंतर वेल चढत. सांभार, अंबाडी, बरबटी, ढेमसे स्वयंपाकघराच्या हाकेवर असत. पहिले निकोप फळ तोडायचे नाही, ते वेलावरच वाळू द्यायचे, बी राखेत कालवून ठेवायचे किंवा शेणात थापून भिंतीवर लावायचे, ही विद्या सासूकडून सुनेकडे जाई. तिच्यावर लेख लिहिला गेला नाही, परिषद भरली नाही. मगनवाडीने परसबागेचा विचार लिहून ठेवला. बियाणे मात्र ज्यांनी राखले, त्यांची नावे कोठेच नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकांना ही गोष्ट अपरिचित वाटू नये. १२९० ची ज्ञानेश्वरी एकनाथांपर्यंत पोचली ती नकलांमधून. १५८४ मध्ये नाथांनी पाठ शुद्ध केला, हे आपण शिकवतो. पण मधली तीनशे वर्षे नकलून काढणारे हात बहुतेक अनामिकच आहेत. वर्षायू वनस्पतीचेही तसेच आहे : ती टिकते ती पुन्हापुन्हा उतरवली जाते म्हणून. ग्रामोद्योग संघाचे जे. सी. कुमारप्पा यांचे टिकाऊ अर्थव्यवस्थेवरील इंग्रजी पुस्तक १९४५ मध्ये आले. निसर्गाच्या टिकाऊपणाचे रहस्य त्यांनी अखंड चालणाऱ्या जीवनचक्रात पाहिले. दोडक्याचा वाळलेला वेल हे त्याचे घरगुती उदाहरण म्हणावे लागेल.

म्हणूनच बियाण्याचा प्रश्न निव्वळ शेतीचा राहत नाही. संकरित वाणाचे बी पेरले तर उगवते, पण पुढची पिढी मूळ गुण जसेच्या तसे राखत नाही, आणि मग दरसाल दुकान गाठावे लागते. २००२ मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाल्यावर कापसाच्या या जिल्ह्यात बियाण्याचे पाकीट हा शेतकऱ्याच्या खर्चाचा ठरलेला भाग झाला. २००१ च्या कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. परंतु कोणते फळ वेलावर ठेवावे, हे ओळखणारी नजर कायदा देऊ शकत नाही. ती एका पिढीने वापरली नाही, तर पुढच्या पिढीला ती मिळण्याचा मार्गच उरत नाही.

वृक्ष लावणाऱ्याची आठवण वृक्ष ठेवतो. वर्षायू रोपाची आठवण माणसाला ठेवावी लागते, आणि ती ठेवण्याची एकच रीत आहे : पुढच्या मृगाला पुन्हा पेरणे.