करवीरच्या चौथ्या शिवाजीमहाराजांचें वेड व औषधींची साक्ष

करवीरचे छत्रपति चौथे शिवाजीमहाराज ह्यांस वेडे ठरवून १८८२ त अहमदनगरास नेण्यांत आलें. तेथेंच २५ डिसेंबर १८८३ रोजीं त्यांचा अंत झाला. ह्या प्रकरणीं दिवाण बर्वे ह्यांजविरुद्ध लिहिल्यावरून टिळक-आगरकरांस कारावास घडला. वेड खरें कीं लादलेलें, हा वाद ऐकूं येतोच.

ह्या वादांत एखाद्या वैद्याची यादी पुढें आल्यास ती जपून वाचिली पाहिजे. चरकसंहितेंत उन्माद म्हणजे मन, बुद्धि, स्मृति, शील व आचार ह्यांचा विभ्रम. त्यावर ब्राह्मी प्रसिद्ध आहे. परंतु ती मेध्य म्हणून निरोगी मुलांसही देतात. शिवाय ह्या एका नांवाखालीं कोठें जलब्राह्मी, तर कोठें मंडूकपर्णी येते. सर्पगंधेचा वेडावरील गुण कलकत्त्याच्या सेन व बोस ह्यांनीं १९३१ त प्रसिद्ध केला; १९५२ त तिच्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें. तथापि पूर्वीं ती सर्पदंशावरही देत.

सारांश, औषधीचें नांव हा रोगाचा दाखला नव्हे. मात्रा, अनुपान, उपचारांचे दिवस व रोग्याच्या वर्तनाची नोंद जुळली, तरच कागद साक्षीस उभा राहतो. म्हणून संग्राहकांनीं वैद्यकीचीं सुटीं पानेंही निरुपयोगी मानूं नयेत.